कुदळ उचलण्याआधी : पुण्यात जमिनीच्या देखभालीवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

हजेरीपटावर तुमचं पद ‘उद्यान पर्यवेक्षक’ असो, ‘साईट सुपरवायझर’ असो की नुसतं ‘ट्रेनी’. पहिल्या दिवशी हातात पडतात त्या गोष्टी सगळीकडे सारख्याच. चाव्यांचा जुडगा, गड्यांची यादी आणि ‘पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येतायत, तेवढं सगळं हिरवंगार दिसू द्या’ एवढी एक सूचना. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं हे सांगायला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण असतं. जमिनीचं काय करायचं आणि काय करायचं नाही, यासाठी तासभरही नसतो.

मी पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडी ते पिरंगुट या पट्ट्यात, पंधराएक वर्षं हेच काम करतोय. कंपन्यांची आवारं, एक निवासी शाळा, दोन मोठ्या सोसायट्या. दरवर्षी मे महिन्यात दोन-चार नवी मुलंमुली हाताखाली येतात. कुणी बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेलं, कुणी आयटीआयचं, कुणी हॉटेलातल्या नोकरीला कंटाळून आलेलं. त्यांना जे ज्या क्रमाने शिकवतो, ते इथे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. नवखा माणूस पहिल्याच दिवशी झाड लावायला नाहीतर गवत काढायला धावतो. आमच्याकडे पहिले पंधरा दिवस कुदळीला हात लावायचा नाही. आधी पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते बघायचं. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पहिली पायरी : नकाशा मिळवा आणि पायी फिरा

ऑफिसात जो नकाशा मिळेल तो बिल्डरचा असतो. त्यात इमारती, रस्ते, पार्किंग आणि हिरव्या रंगाचे गोल गोल ठिपके असतात. तो ठेवा, पण त्यावर विसंबू नका. भूमी अभिलेख खात्याचा जुना गाव नकाशा मिळवा. त्यात गट नंबरांच्या मधून ओढे-नाले दाखवलेले असतात. शिवाय गूगल अर्थवर वर्षं मागे सरकवायची सोय आहे; तुमची इमारत उभी राहण्यापूर्वीची जागा तिथे बघता येते. आज जिथे व्हॉलीबॉलचं मैदान आहे तिथे पूर्वी ओघळ होती, हे अशाच वेळी कळतं.

हे कशासाठी? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या पाण्याने आंबिल ओढ्याच्या काठच्या वस्त्यांमध्ये काय केलं, ते पुण्यात तेव्हा असलेल्या कुणालाही विचारा. भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, माणसं गेली. त्यात पाऊस मोठा होताच, पण ओढ्याची जागाही आक्रसलेली होती. तुमच्या आवारातून बोटभर ओघळ जात असेल तर तीही याच जातीची. तिच्यावर माती लोटणं, तिच्यात राडारोडा टाकणं, ती पाइपात घालून वर लॉन करणं यांतलं काहीही तुमच्या सहीने होऊ देऊ नका. जागा नदीकाठी असेल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारून घ्या. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

मग चालायला लागा. पूर्ण कुंपण, आतल्या बाजूने, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. सोबत रात्रपाळीचा वॉचमन घ्या. पाणी कुठे तुंबतं, साप कुठे निघतो, बाहेरचा टेम्पो रात्री राडारोडा कुठे टाकून जातो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि त्याला ते कधी कुणी विचारलेलंही नसतं.

आणखी एक. पुण्यात ‘पाऊस किती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेत वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. तिथून दीड-दोन तासांवरच्या ताम्हिणी घाटात त्याच्या कित्येक पट. त्यामुळे मुळशीतल्या मित्राने दिलेला सल्ला हडपसरच्या साईटवर चालेलच असं नाही. स्वतः मोजा. सरळ उभ्या भिंतींचा एक डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी आठला पट्टी बुडवायची, एवढंच.

दुसरी पायरी : पावसात उभे राहा

हा धडा वर्गात होत नाही. पहिला वळीव येईल तेव्हा सगळे आडोशाला पळतात. तुम्ही रेनकोट घालून बाहेर पडायचं. विजा कडाडत असतील तर मात्र थांबा, झाडाखाली तर मुळीच नको.

आधी थोडं गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरभर जागेवर इंचभर पाऊस झाला की साधारण एक लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. आपल्याकडे मे महिन्यात त्याच टँकरसाठी फोनाफोनी चालते आणि जूनमध्ये तेवढंच पाणी तासाभरात गेटबाहेर जातं.

तर त्या पावसात तीन गोष्टी टिपा. पाणी आवारात कुठून शिरतं, कुठे थांबतं आणि कुठून बाहेर पडतं. मग चौथी, सगळ्यात महत्त्वाची : बाहेर पडताना त्याचा रंग काय आहे. बाहेर जाण्याच्या जागी पाण्याची रिकामी बाटली भरून घ्या, तारीख लिहा आणि रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तळाशी गाळ दिसेल. पेराएवढा असला तर तुमची माती चालली आहे, हे कुणाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. मी एकदा अशा सहा बाटल्या ओळीने साहेबांच्या टेबलावर ठेवल्या होत्या. प्रेझेंटेशनने जे दोन वर्षं झालं नव्हतं ते तेवढ्याने झालं : उताराच्या कामाला पैसे मिळाले.

पण हे शहाणपण मलाही फुकट आलेलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आवारात इमारतीमागचा उतार मला ओबडधोबड वाटला. मे महिन्यात जेसीबी लावला, झुडपं काढली, सगळं कसं तळहातासारखं करून टाकलं. फोटोही काढले. जूनच्या दुसऱ्याच आठवड्यात रात्री सलग पाऊस झाला आणि तो तळहात तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरला. घोट्याएवढा मुरमाचा चिखल, त्यात सत्तर-ऐंशी दुचाकी. तीन दिवस आम्ही घमेल्याने तो उपसत होतो. त्या उताराला धरून ठेवणारी घाणेरी आणि कुसळी गवत मीच काढलं होतं. तेव्हापासूनचा नियम : उघडा उतार पावसाच्या तोंडावर ठेवायचा नाही. माती हलवायचीच असेल तर दिवाळीनंतर, आणि जेवढी झाकता येईल तेवढीच.

तिसरी पायरी : माती हातात घ्या

पुण्याखाली काळा पाषाण आहे, लाव्ह्याचा. तो झिजून मुरूम होतो आणि खालच्या सखल भागात काळी माती साठते. टेकडीलगतच्या जागेत वीत-दोन वितीवर पहार खणकन वाजते. पण कंपन्यांच्या आवारात तिसराच प्रकार जास्त : भराव. वर चार इंच लाल माती, खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, प्लास्टिक. लाल माती दिसली की लोक खूश होतात. ती बहुतेक वेळा कुठल्या तरी डोंगराचा लचका तोडून आणलेली असते. आहे ती माती सुधारा, नवी मागवू नका.

चाचण्या घरच्या घरी होतात. ओल्या मातीची वळी करून बोटांमधून पट्टी काढा; लांब पट्टी न तुटता निघाली तर चिकणमाती जास्त, म्हणजे पाणी हळू मुरणार, उन्हाळ्यात भेगा पडणार. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चांगलं हलवून ठेवा; वाळू खाली, पोयटा मध्ये, चिकणमाती वर असे थर दिसतात. दोन्ही टोकं उघडी असलेला डबा जमिनीत दोन बोटं ठोकून त्यात लिटरभर पाणी ओता आणि घड्याळ लावा. झाडाखाली एकदा आणि गाड्या उभ्या राहतात त्या कडेला एकदा. आकड्यांतला फरक बघून नव्या मुलांचे डोळे विस्फारतात. जमीन दाबली गेली की काय होतं, हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असेल तर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा वीतभर खोल घ्या, त्याच्या कडेची माती तासून गोळा करा. झाडाखालून, खताच्या ढिगाजवळून किंवा बांधावरून घेऊ नका. सगळी मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. रिपोर्टमध्ये आधी सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा) आणि सेंद्रिय कर्ब बघा. आपल्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो आणि तिच्यात चुनखडी असते. त्यामुळे लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. ते बघून नवखा माणूस युरिया मारतो. युरियाने हे जात नाही, ओढ्यात मात्र शेवाळ वाढतं.

चौथी पायरी : ए-फ्रेम बांधा

इथून हाताने काम सुरू. ए-फ्रेम म्हणजे उतारावर एकाच पातळीवरच्या जागा शोधायची, इंग्रजी ‘ए’च्या आकाराची बांबूची चौकट. लेझर लेव्हल आणि ड्रोन असताना बांबूचं खेळणं कशाला, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. उतार डोळ्यांना फसवतो, हे पायांना कळावं म्हणून. २०१६ नंतर पाणी फाउंडेशनच्या शिबिरांतून गावोगावच्या लोकांनी हेच अवजार वापरून समपातळी रेषा, म्हणजे उतारावर सगळीकडे एकाच उंचीवर राहणाऱ्या रेषा, काढल्या. आपल्यालाही जमेल.

सहा-सात फुटांचे दोन सारखे बांबू वर एकत्र बांधा, खाली पाय फाकवा, मध्ये आडवी काठी. शेंड्यापासून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा. दोरी आडव्या काठीच्या थोडी खाली आली पाहिजे. आता खूण. कुठल्याही जमिनीवर उभी करा, दोन्ही पायांखाली खुंट्या ठोका, दोरी जिथे आडव्या काठीला लागते तिथे रेघ मारा. फ्रेम उलटी फिरवा, म्हणजे डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्या. पुन्हा रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी रेघ, ती तुमची सपाटी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर तुम्ही योगायोगाने सपाट जागेवरच उभे आहात.

उतारावर एक पाय रोवा, दुसरा वर-खाली सरकवत दोरी मधल्या रेघेवर आणा, फक्कीने खूण करा, मग मागचा पाय पुढे फिरवा. पन्नास पावलं गेल्यावर मागे वळून बघा. रेषा सरळ नसते, नदीसारखी वळणं घेते. प्रत्येक नवखा म्हणतो, ‘सर, चुकलं वाटतं.’ चुकलेलं नसतं. डोळ्यांनी मारलेली सरळ रेघ चुकते; तिच्यावर खणलेल्या चरात पाणी एका टोकाला पळतं आणि तिथे बांध फोडून नवी ओघळ करतं.

या रेषेवर दोन फूट रुंद, एक फूट खोल चर. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला, चरापासून फूटभर अंतर सोडून. चर लांबलचक सलग ठेवू नका. मध्ये मध्ये न खणलेला पट्टा राहू द्या, म्हणजे एका जागी फुटला तरी सगळं पाणी त्या भगदाडातून जात नाही. मातीच्या वरंब्यावर मारवेल किंवा वाळा यांसारखं गवत लावा.

पण कुठे खणायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगर खचून गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. मुसळधार पाऊस हे कारण होतंच. उतारावर झालेल्या सपाटीकरणाचीही तेव्हा बरीच चर्चा झाली. तीव्र उतार, त्यावर मातीचा जाड थर आणि खाली घरं किंवा संरक्षक भिंत अशी जागा असेल तर तिथे पाणी मुरवायचं नाही, सुरक्षित बाहेर काढायचं. निर्णय अभियंत्याचा. ‘आमच्या गावाकडे असंच करतात’ हे इथे चालत नाही.

पाचवी पायरी : तण म्हणजे काय, ते आधी ठरवा

आमच्याकडे वेल्ह्याकडच्या एक मावशी आहेत. एकदा एका नव्या मुलाने त्यांना सांगितलं, ‘मावशी, हा कोपरा दुपारपर्यंत साफ करा.’ दुपारी कोपरा साफ होता आणि मावशींच्या पिशवीत कुरडू, टाकळा, घोळ, तांदुळजा. मुलगा म्हणाला, ‘हे कचरा म्हणून टाकणार होतो आपण.’ मावशी म्हणाल्या, ‘तू टाकणार होतास रे बाळा.’ त्या वर्षापासून आमच्या प्रशिक्षणाचा एक तास मावशींचा असतो. त्या वनस्पती दाखवतात, मुलं वहीत वाळवून चिकटवतात. ज्या जागी फवारणी झालेली आहे किंवा सांडपाणी येतं तिथली भाजी खायची नाही, एवढी भर मी घालतो.

काढायचं काय मग? पहिला नंबर गाजरगवताचा. १९५० च्या दशकात भारतात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, म्हणजे हे आपलंच नाव काढणारं कार्टं. अंगाला खाज, पुरळ, दमा. एका झाडाला हजारो बिया. फुलायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. फुलं आलेलं असेल तर खताच्या ढिगात घालू नका, नाहीतर खताबरोबर ते सगळीकडे जातं. मोकळ्या झालेल्या जागेत पावसाआधी टाकळ्याचं बी फेका. तो दाटीने वाढून त्याला डोकं वर काढू देत नाही.

घाणेरी आणि सुबाभूळ टप्प्याटप्प्याने. उतारावरची एकदम काढली तर काय होतं, ते वर सांगितलंच आहे. गिरिपुष्पाबद्दल टोकाची मतं ऐकू येतील, कारण एकेकाळी टेकड्यांवर त्याची फार लागवड झाली. माझं मत असं : नवं लावायचं नाही, जुनं सरसकट कापायचं नाही. त्याचा पाला उत्तम हिरवळीचं खत आहे. तो छाटून आच्छादनाला वापरत राहा आणि त्याच्या सावलीत बहावा, आपटा, कांचन, मोई वाढू द्या.

आणि गवत हे तण नव्हे. सासवडच्या बाजूची माळरानं लोकांना पडीक वाटतात. तिथे लांडगे आणि चिंकारा राहतात. तुमच्या आवारात लांडगा येणार नाही, पण चंडोल, मुनिया, फुलपाखरं येतील. सगळीकडे लॉन हवंच असं नाही. एक कोपरा कुसळी-पवन्यासाठी सोडा आणि त्याचं बी पडून जाईपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपर्यंत, ग्रास कटर तिकडे नेऊ नका. तक्रारी येतील. ‘हे गवत मुद्दाम राखलं आहे’ अशी पाटी लावली की अर्ध्या तक्रारी थांबतात. उरलेल्या अर्ध्या पाटीच्या शुद्धलेखनाबद्दल येतात. पुणे आहे.

सहावी पायरी : झाड लावायची घाई नको

५ जूनला पर्यावरण दिन. त्या दिवशी पाहुणे येतात, फीत कापतात, झाड लावतात. पुण्यात तोवर पाऊस स्थिरावलेलाच नसतो. पुढचे आठ-दहा दिवस कडक ऊन पडतं आणि फोटोतलं झाड वाळतं. पाहुण्यांना त्या दिवशी बी पेरायला द्या, पिशव्या भरायला द्या. लागवड दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर.

खड्डे मे महिन्यात खणून ठेवा, दीड ते दोन फूट लांब-रुंद-खोल. वरची माती एकीकडे, खालची दुसरीकडे. भरताना वरची माती शेणखतात मिसळून आधी. रोपाची प्लास्टिकची पिशवी काढायची. हे लिहावं लागतंय, कारण पिशवीसकट लावलेली रोपं मी दरवर्षी उपटतो. खोडाचा बुंधा जितका पिशवीत होता तितकाच मातीत. बुंध्याशी मातीचा ढीग घातला की खोड कुजतं. भोवती पालापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन, पण खोडापासून वीतभर लांब.

मोठ्या झाडांबाबत एकच लक्षात ठेवा : अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. केबलसाठी चर मारणारा ठेकेदार ‘फक्त दोन फूट’ म्हणतो, ते दोन फूट हेच. चर वळवून घ्या, नाहीतर तेवढा भाग हाताने खणून मुळांखालून पाइप न्या. बुंध्याभोवती काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक येऊ देऊ नका.

झाड तोडणं, इतकंच काय मोठी छाटणीसुद्धा, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करायची नाही. राज्यात १९७५ पासून तसा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. ‘वरून सांगितलंय’ हे कागदावर नसेल तर कोयता खाली ठेवा.

सातवी पायरी : फवारणी

शक्यतो नको. सोसायटीच्या बागेत मावा दिसला की पाण्याचा जोरदार फवारा किंवा निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो. तरीही रासायनिक फवारणी करायची वेळ आलीच तर ती प्रशिक्षण न झालेल्या माणसाच्या हाती देऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. ते काही अडाणी नव्हते. उभ्या पिकात, वाऱ्यात, पुरेशा संरक्षणाशिवाय काम करत होते.

डब्यावरचा त्रिकोण बघा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे सुरक्षित नव्हे, कमी विषारी. आमच्या आवारात लाल-पिवळ्याला प्रवेशच नाही. वारा असताना फवारायचं नाही, ओढ्याच्या काठी नाही, फुलांवर मधमाश्या असताना नाही. मास्क, चष्मा, हातमोजे, गमबूट. ऊन आहे म्हणून मास्क खाली ओढायचा नाही. द्रावण काठीने ढवळायचं. पंप तीनदा धुवायचा आणि ते धुतलेलं पाणी गटारात न ओतता फवारलेल्या जागेवरच संपवायचं. रिकाम्या डब्यात प्यायचं पाणी भरलेलं मी पाहिलंय, म्हणून डबा लगेच भोसकायचा. कुणाला चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात डब्याचं लेबल सोबत न्या. डॉक्टर तेच आधी मागतात.

आठवी पायरी : पालापाचोळा, आग आणि साप

पाचोळा जाळायचा नाही. कायद्याने बंदी आहेच, शिवाय ते आयतं खत आहे. विटांचा किंवा जाळीचा हौद करा, पाचोळ्याचे थर, मधूनमधून ओला कचरा किंवा पातळ शेणकाला, ओल टिकवा, महिन्यातून एकदा वरखाली करा. पावसाळ्यानंतर काळं, भुसभुशीत, जंगलासारख्या वासाचं खत निघतं.

टेकडीलगतच्या जागेत फेब्रुवारी ते मे वणव्याची भीती. जानेवारीतच कुंपणालगत दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून, गोळा करून मोकळा ठेवा. कापलेलं गवत तिथेच सोडलं तर उपयोग शून्य.

पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने आवाज करा. आपल्याकडे घोणस भरपूर, नाग, मण्यारही आहेत. मारायचा नाही, वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. कुणाला चावलाच तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं काही नाही. माणसाला धीर द्या, हात-पाय हलू देऊ नका, थेट प्रतिसर्पविष मिळणाऱ्या दवाखान्यात न्या. जवळचा कुठला, हे आजच चौकशी करून भिंतीवर लिहून ठेवा.

नववी पायरी : आता तुम्ही शिकवा

दोन-तीन महिन्यांत तुमच्या हाताखाली माणसं येतील. कुणी लातूरचं, कुणी सोलापूरचं, कुणी बिहारचं. त्यांना पीपीटी दाखवू नका. रोज हजेरीनंतर दहा मिनिटं, उभ्याउभ्या, एकच गोष्ट, ती जिथे घडते तिथेच. आज ग्रास कटरचं पातं, उद्या चराच्या फुटलेल्या कडा. सांगून झालं की त्यांच्यातल्याच एकाला करून दाखवायला लावा. जो शेतकरी घरचा आहे त्याला बांध आणि पाट तुमच्यापेक्षा जास्त कळतो. त्याला पुढे करा आणि ‘काका, तुमच्याकडे कसं करतात?’ हे विचारायला लाजू नका. चूक झाली तर पगार कापायची धमकी नको. पगार कापला की पुढची चूक मातीखाली पुरली जाते, मग ती थेट पावसातच वर येते.

एक वही ठेवा. पाऊस, लावलेली रोपं, मेलेली रोपं, फवारलेलं औषध, बाटलीतला गाळ. मोबाइलमध्ये नको, मोबाइल तुमच्याबरोबर दुसऱ्या नोकरीला जातो, वही साईटवर राहते.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये सगळ्या टोळीला घेऊन पुन्हा पहिल्या दिवसाचा फेरा मारा. तेच कुंपण, तोच वॉचमन. चरांतला गाळ काढून खालच्या बाजूच्या वरंब्यावर टाका. मेलेलं प्रत्येक रोप उपटून त्याची मुळं बघा : पिशवी राहिली होती, पाणी साचलं होतं, की वाळवी? कारण वहीत लिहा, त्याच खड्ड्यावर खूण करा. मग गेटजवळ जिथून पाणी बाहेर पडतं तिथे जा आणि जूनमधल्या बाटलीशेजारी सप्टेंबरमधली बाटली ठेवून गाळ मोजा. नवीन खणायचे चर कुठे, ते त्यावर ठरेल. जेसीबी आत्ताच ठरवून टाका, दिवाळीनंतर लगेच मिळत नाही.